तालवाद्यांचा समूह काढतोय, पण अर्जातल्या 'संस्थेचा उद्देश' या रकान्यात लिहायचं काय?

ठेकेदार_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या विश्रामबागेत माझा तबल्याचा क्लास आहे. नाव ठेकेदार आहे ते ठेक्यावरून, रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार घेऊन कुणी येऊ नका.

क्लासमधल्या जुन्या पोरापोरींचा एक गट जमलाय. तिघं तबल्यावर, त्यातले दोघे विशारद. एक पखवाजी, घर वारकऱ्यांचं, एकादशी आली की क्लासला दांडी ठरलेली. एक मुलगी ढोलकीवर, तिच्यासमोर मीसुद्धा जपून बसतो. आणि एक वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग करणारा, ड्रमसेट वाजवणारा. सगळी काडी त्यानंच लावली. एके दिवशी क्लास सुटल्यावर मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतले चार जण. एक जण झांजेच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढतोय, एक जण चहाच्या कपांवर काड्या चालवतोय, दोघं लाकडी पट्ट्यांच्या भल्यामोठ्या वाद्यावर. साथीला लेहऱ्याची धून नाही, गाणारा नाही, समेवर येऊन हात वर करणं नाही. समोर कागद. आणि आमची पोरं, जी एरवी दोन मिनिटांचं रील पूर्ण बघत नाहीत, ती शेवटपर्यंत खुर्च्यांना चिकटलेली.

तेव्हापासून डोक्यात एकच. 'सर, आपण असं करू.'

आता अडचण. गावातला एक ट्रस्ट नव्या उपक्रमांना थोडी मदत आणि नाट्यगृहाची एक संध्याकाळ देतो. त्यांच्या अर्जात रकाना आहे: संस्थेचा उद्देश, पन्नास शब्दांत. आमच्या एका विशारदानं लगेच लिहून आणलं, 'भारतीय तालसंस्कृतीचे जतन व संवर्धन करणे आणि तरुण पिढीला प्रोत्साहन देणे.' वाचल्यावर मला वाटलं, हे वाक्य मी आजवर प्रत्येक गणेश मंडळाच्या स्मरणिकेत वाचलंय.

तर जाणकारांना विचारतो. हे परदेशी तालवाद्यसमूह नेमकं कशासाठी निघाले? आपल्या तालवाद्य कचेरीत, म्हणजे नुसत्या तालवाद्यांच्या मैफलीत, आणि त्यांच्यात फरक तो काय? कागदावर लिहिलेलं वाजवलं तर आपल्या उपजेचं, म्हणजे जागेवर सुचेल ते वाजवण्याचं, काय होणार? तो लाकडी पट्ट्यांचा मारिंबा की काय, तो लाखांच्या घरात जातो म्हणे, त्याशिवाय भागेल का? आणि शेवटचं, सांगलीत हे ऐकायला कुणी येईल का? नाटकाला येतात, गाण्याला येतात. नुसत्या ठोक्याला?

---

मिडियमवेव्ह

मास्तर, 'जतन' आधी खोडा. जतनाचं काम मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तबल्याचं म्हणाल तर तुमचा क्लास तेच करतोय. त्यासाठी वेगळा समूह नको.

माझी नोकरी आकाशवाणीत ध्वनिमुद्रणात गेली. तालवाद्य कचेरी मुद्रित करताना काम सोपं असायचं. ज्याची पाळी त्याचा माइक वर, बाकीचे जरा खाली. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आवर्तनं लहान लहान करत आणायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून तिहाई. मला ते अतोनात आवडतं. पण तिथं आपण माणूस ऐकायला जातो. हात कुणाचा, घराणं कुठलं, आज तब्येत लागली का. तुमच्या पोरानं दाखवलेल्या मंडळींकडे रचना ऐकायची असते. एखाद्याच्या वाट्याला अख्ख्या पंधरा मिनिटांत घंटेला तीनदा शिवणं येतं, आणि त्या तीन वेळांसाठी तो श्वास मोजत उभा असतो. अशा माणसाचं मुद्रण करताना माझ्यासारख्याची भंबेरी उडते, कारण कुणाचा माइक कधी वर करायचा हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, माझ्या नाही.

आता हे निघाले कशासाठी. पाश्चात्य वाद्यवृंदात ताल वाजवणारे मागच्या रांगेत. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी स्वतंत्र संगीत असं फारसं नव्हतंच. एडगार व्हरेझ नावाच्या संगीतकारानं १९२९ ते १९३१ या काळात 'आयोनायझेशन' लिहिलं. तेरा वादक, जवळजवळ सगळी ठोकायची वाद्यं, वर दोन भोंगे, आगीच्या बंबाला असतात तसे. ६ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये ते पहिल्यांदा वाजलं, तर वाजवायला सराईत तालवादक जमेनात. शेवटी संगीतकार मित्रच वाद्यं घेऊन उभे राहिले, हेन्री कॉवेल पियानोवर बसला. म्हणजे रचना होती, समूह नव्हता. अमेरिकन संगीतकार जॉन केजचंही तेच. १९३९ चं त्याचं 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन' धातूच्या वाद्यांचं आहे, त्यात मोटारीचे ब्रेक-ड्रम आहेत, ऐरण आहे, पत्रे आहेत. वाजवायला हाताशी आले ते हौशी लोक, त्यांत नाचणारेसुद्धा. त्या रचनेचा हिशेब तुमच्या पोरांना जरूर सांगा: सोळा मापांचा, म्हणजे त्यांच्या आवर्तनांचा, एक भाग, असे सोळा भाग, आणि आतली वाटणी ४-३-२-३-४. लहान भागाची जी वाटणी तीच सबंध रचनेची. तीनतालात वाढलेल्या माणसाला हे कळायला एक चहा पुरतो.

आणि पखवाजीला हेही सांगा की याच केजला आपलं संगीत शिकवलं ते अहमदाबादच्या गीता साराभाईंनी, १९४६ च्या सुमारास न्यूयॉर्कला जाऊन. बाई स्वतः पखवाज वाजवायच्या. मोबदल्यात त्या त्याच्याकडून पाश्चात्य संगीत शिकल्या. पैशाचा व्यवहार नाही, विद्येच्या बदल्यात विद्या.

गाडी खरी रुळावर आली ती १९६२ ला, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. सहा तालवादक एकत्र आले आणि म्हणाले, आम्ही कायमचे सहा जण, आमच्यासाठी लिहा. झेनाकिस नावाच्या संगीतकारानं त्यांच्यासाठी १९६९ ला 'पर्सेफासा' लिहिलं, त्यात सहाही वादक श्रोत्यांच्या भोवतीनं उभे राहतात आणि आवाज डोक्याभोवती गरगर फिरतो. दहाएक वर्षांनी त्याच सहा जणांसाठी 'प्लेआद', त्यासाठी तर धातूचं वाद्यच नवं बनवून घेतलं. मास्तर, क्रम बघा. आधी समूह उभा राहिला, मग लिहिणारे आले. टोरांटोचा नेक्सस, न्यूयॉर्कचा सो पर्कशन, शिकागोचा थर्ड कोस्ट, सगळ्यांचं दुकान याच गोष्टीवर चालतं: दुसऱ्याकडून नवं लिहून घ्यायचं, त्याचे पैसे द्यायचे, आणि ते एकदा वाजवून कपाटात टाकायचं नाही, पुन्हा पुन्हा वाजवायचं. तुमच्या पोरांनी जे कप पाहिले ते बहुधा संगीतकार डेव्हिड लँगच्या रचनेतले. त्यानं सो पर्कशनसाठी २००२ साली लिहिलं, त्यात चहाचे कप आणि कुंड्या आहेत, आणि प्रत्येक वादकाला आपापला संच जमवावा लागतो. थर्ड कोस्टला २०१७ चं ग्रॅमी मिळालं ते संगीतकार स्टीव्ह राइकच्या रचनांसाठी. आणि याच चौघांसाठी आपल्या झाकीरभाईंनी 'मर्मर्स इन टाइम' लिहून दिलं. डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले, रचना वाजतेच आहे.

म्हणून माझं मत: तुमचा उद्देश एकच, नवी रचना लिहून घेणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. जो समूह हे करत नाही तो ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा वाईट असं म्हणत नाही, वरातीला चांगला पैसा आहे.

उपजेची काळजी करू नका. कागदावर काही जागा मोकळ्या ठेवता येतात, 'इथं ढोलकी चार आवर्तनं मनानं' असं लिहिलं की झालं. पण सगळाच कागद मोकळा ठेवलात तर पुन्हा कचेरी होईल, आणि पुन्हा ज्याचा हात जड तो जिंकेल.

मारिंबा विसरा. स्वर पाहिजे असेल तर तबलातरंग आहे, जलतरंग आहे, जुन्या सिनेमांच्या वाद्यवृंदातलं काष्ठतरंग आहे. धातू पाहिजे असेल तर कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला भंगारवाले बसलेत, काडी घेऊन जा आणि एकेक ब्रेक-ड्रम वाजवून बघा. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे. किलोवर घेताना मात्र आवाजाकडे बघा, वजनाकडे नको. तडा गेलेला ड्रम खणखणत नाही, थप्प करतो.

खर्च शून्य असलेली एक परीक्षा सांगतो, अर्ज भरायच्या आधी घ्या. राइकचं 'क्लॅपिंग म्युझिक', १९७२ चं. दोन माणसं आणि चार हात, वाद्यच नाही. बारा मात्रा धरा. तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, एक रिकामी, एक टाळी, एक रिकामी, दोन टाळ्या, एक रिकामी. झाल्या बारा. पहिल्यानं शेवटपर्यंत एवढंच करायचं. दुसऱ्यानं काही आवर्तनं त्याच्याबरोबर, मग एक मात्रा पुढून सुरुवात, म्हणजे पहिली टाळी शेवटी जाते. मग आणखी एक मात्रा. असं बाराव्यांदा सरकलं की दोघं परत एकत्र. गंमत कुठं आहे? राइकनं लिहूनच ठेवलंय की दुसऱ्यानं आपली सम जागची हलवायची नाही. सम तिथंच, बोल तिच्यावरून सरकत जातात. आपल्या लोकांना तीन टाळ्या आल्या की तिथंच सम वाटते आणि मान हलते. मान हलली की गेलं.

लोक येतील का? १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा 'नाटकाला येतात' असं म्हणायला सांगलीत कोण होतं?

एक विनंती, जाहिरातीत 'फ्यूजन' लिहू नका. ते वाचलं की निम्मे लोक कीबोर्ड शोधतात.

---

घुमकं_जत

राम राम मंडळी. मी मास्तर न्हाई, विशारद बी न्हाई. जत तालुक्यातनं लिहितोय. घरात हलगी, घुमकं म्हंजी घुमनारा ढोल, कैताळ म्हंजी झांज. आज्ज्यापासनं.

मास्तरांची यादी दोनदा वाचली. तबला हाय, पखवाज हाय, ढोलकी हाय, विलायती ड्रम हाय. सांगली जिल्ह्यातला समूह आन त्यात हलगी न्हाई. हे बघून लई नवल वाटलं न्हाई, पर बोललं पायजे म्हनून बोलतो.

मिडियमवेव्ह काका म्हनत्यात रचना ऐकायची, मानूस न्हाई. कुस्तीच्या मैदानात तेच असतंय की ओ. तिथं आमच्याकडं कोन बघतंय? पैलवान खडाखडी करत असत्यात तवर चाल हळू, मोकळी. एकानं पट काढला की हात आपसूक चढतो. दोघं गच्च बसली, कुनी हलंना, तर तिथं आमचा थोरला चुलता हलगीची कड नुस्ती कडकड वाजवत ठेवतो, घुमकं बंद. एकदम बंद. सगळं मैदान श्वास धरून. चितपट झाली की मग तिघं एकदम. आता ही रचना हाय का न्हाई? कागद न्हाई एवढंच. कुस्ती कागदावर लिवलेली नसती, म्हनून आमचं बी नसतं.

दुसरं. कातड्याची हलगी शेकल्याबिगर बोलत न्हाई. वाळला पाला न्हाईतर कागद पेटवायचा, हलगी त्याच्यावर फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची. टण्ण आलं की उचलायची. जरा जास्त झालं की कातडं उलतंय. पावसाळ्यात तर दर दोन-तीन कुस्त्यांनी शेकायला लागती. तुमच्या नाट्यगृहात जाळ करू देनार हायत का? फायबरची हाय आमच्याकडं, वरातीत तीच. टिपरू आपटून हात भरून येतो, पर आवाज प्लास्टिकच्या टोपल्यागत.

तिसरं मनातलं. एका मोठ्या संगीत कार्यक्रमाला आमाला बोलावलं व्हतं. पाहुनं आलं तवा दारात वाजीवलं. पाहुनं आत गेलं, आत तबला सुरू झाला, आन आतनं दार लावून घेतलं, आवाज येतो म्हनून. जेवन दिलं, पैसं बी दिलं, तक्रार पैशाची न्हाई.

तवा मास्तर, बोलवायचं असंल तर स्टेजवर बोलवा. आन आमची चाल ऐकून कुनी कागदावर उतरवून घेनार असंल तर खाली नाव कुनाचं घालनार ते आधी सांगा.

---

तासगाव_ते_पुणे

घुमकंदादा, शेवटच्या प्रश्नासाठी तुम्हाला दंडवत. परदेशातही यावर वाद झालेत. राइक १९७० ला घानाला जाऊन तिथल्या ढोलवादकांकडे शिकला आणि परत येऊन 'ड्रमिंग' लिहिलं. त्याचं नाव जगभर झालं. शिकवणाऱ्यांचं किती जणांना माहीत आहे?

मी पुण्यात ध्वनीचं शिक्षण घेते. मास्तरांसाठी दोन गोष्टी, एक लिहिण्याची आणि एक आवाजाची.

लिहायला पाच रेघांची पाश्चात्य लिपी शिकायची गरज नाही, निदान सुरुवातीला. मोठा चौकटींचा कागद घ्या. आडवी चौकट म्हणजे मात्रेचा चौथा हिस्सा, प्रत्येक वाद्याला एक ओळ. तबल्याच्या ओळीत बोल लिहा, हलगीच्या ओळीत नुसती खूण: मध्यावर, कडेवर, दाबून. रिकाम्या चौकटी रिकाम्याच दिसल्या पाहिजेत. आपल्या नेहमीच्या ताललिपीत बोल दाटीवाटीनं येतात आणि शांतता डोळ्यांना दिसतच नाही. सहा ओळी एकाखाली एक आल्या की कोण कधी गप्प आहे ते एका नजरेत कळतं.

आता आवाज. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला ठरावीक स्वर लागत नाही. तबल्यावर आणि मृदंगावर शाईचा काळा लेप असतो, मधे जाड, कडेला पातळ, त्या वजनानं ते वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. म्हणून तबला पेटीच्या काळी चारला मिळवता येतो. हलगीला शाई नाही. आपल्या पंडित लोकांना हा हलगीचा उणेपणा वाटतो. रचना करणाऱ्याला मात्र सोय वाटेल, कारण तीन तबले तीन स्वरांत लावले तरी हलगी कुणाशीच बेसूर होत नाही. तीन तबले मात्र एकमेकांशी भांडतील, ते आधी ठरवून घ्या. पांढरी एक, त्याचा मध्यम, त्याचा पंचम असं काही.

आणि शेकण्याचं. शेकून आणलेली हलगी सुरुवातीला टणक बोलते, मग हळूहळू उतरते. नाट्यगृहात गार हवा सोडलेली असेल तर जरा लवकरच. दादा ज्याला अडचण म्हणतायत ती मी तर रचनेचा कणा करेन. एक हलगी स्टेजवर उतरत जातेय, तोवर दुसरी मागच्या अंगणात शेकली जातेय, आणि ती आत आली की सगळ्यांनी पहिल्या लयीवर परत यायचं. रचना किती लांब ते कातडं ठरवेल. जाळाची परवानगी स्टेजवर मिळणार नाहीच, पण मागच्या दाराबाहेर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, मिळायला हरकत नसावी. व्यवस्थापकांना आधी भेटा, आयत्या वेळी नको.

कुणी लिहायला नसेल तर मी लिहीन. फुकट नाही. थोडं तरी द्या.

---

ठेकेदार_सांगली

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मिडियमवेव्ह काका, काल रात्री क्लास सुटल्यावर तुमची परीक्षा घेतली. विशारद क्रमांक एक आणि पखवाजी समोरासमोर बसवले. पहिल्या सरकण्याला जमलं. दुसऱ्याला पखवाजीची मान तीन टाळ्यांवर हलली आणि तो थेट पहिल्याच्या मांडीला मांडी लावून एकत्र वाजवायला लागला, आपण चुकलोय हे त्याला कळलंही नाही. म्हणाला, 'सर, आता छान बसलं.' हसून हसून पुरेवाट. मग ढोलकीवाली उठली. तिनं डोळे मिटले आणि डाव्या पायाचा अंगठा सतरंजीवर आपटत ठेवला. तिची सम अंगठ्यात, टाळ्या हातात. सगळी बारा घरं फिरून परत आली आणि दोघांची शेवटची आवर्तनं एकत्र पडली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काय फुटलं म्हणून बघायला. त्यांना बसवून पुन्हा ऐकवलं. त्यांनी विचारलं, 'हे दोघं भांडतायत का?' मला वाटतं आमच्या पहिल्या श्रोत्या त्याच.

ड्रमसेटवाला पहिल्याच फटक्यात करेल अशी त्याची स्वतःची खात्री होती. त्याबद्दल त्यानं लिहू नका म्हटलंय.

घुमकंभाऊ, यादीत हलगी नव्हती कारण आमच्या क्लासमध्ये ती नाही, आणि आम्ही क्लासच्या बाहेर बघितलं नव्हतं. आता बघतोय. तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा. ती 'घुमकं बंद, नुसती कड' वाली जागा मला प्रत्यक्ष ऐकायची आहे. नावाचं असं करू: चाल ज्याची त्याचं नाव वर, उतरवून घेणाऱ्याचं खाली. पटतंय का बघा.

रकान्यातला मजकूर नव्यानं लिहिलाय, तपासा:

'तालवाद्यांसाठी नव्या संगीतरचना लिहून घेणे, रचनाकारास मानधन देणे व प्रत्येक रचना सांगली, मिरज आणि तालुक्याच्या एका गावी वाजवणे. तबला, पखवाज, ढोलकी, हलगी व घुमकं एकाच रांगेत बसतील. पारंपरिक चाल वापरल्यास ती ज्या घराण्याची त्याचे नाव रचनेसोबत छापले व उच्चारले जाईल.'

पन्नासच्या आत बसतंय. आमच्या विशारदाचं म्हणणं, 'जतन' हा शब्द नसेल तर ट्रस्टवाले पुढचं वाचणार नाहीत. काय करू?

---

मिडियमवेव्ह

विशारदाला म्हणावं, जतन ट्रस्टला द्यायच्या पत्रात टाक, 'आपण कलेच्या जतनासाठी करीत असलेल्या कार्याबद्दल आदर' वगैरे. ते खूश, रकाना स्वच्छ.

मजकुरात एक दुरुस्ती. 'वाजवणे'च्या जागी 'किमान तीनदा वाजवणे' करा. पहिल्या प्रयोगाला नातेवाईक येतात. दुसऱ्याला चुका दुरुस्त होतात. ऐकण्यासारखं काय आहे ते तिसऱ्याला कळतं. आणि मानधनाचा आकडा खर्चाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवा, 'इतर खर्चा'त टाकलात तर पहिली कात्री तिथंच चालते. समित्यांवर बसलोय, माहीत आहे.

नाट्यगृह मोठं वाटत असेल तर पहिली वेळ मिरजेत एखाद्या वाड्याच्या चौकात करा. हलगी बंद खोलीत ऐकवू नका, कान धरून पळतील. तबला आणि हलगी एका रांगेत बसवायची तर बसण्यातलं अंतर मी येऊन ठरवून देतो. माइक कमीत कमी. तबल्यांना दोन, बाकी कुणाला नाही.

ढोलकीवाल्या मुलीला माझी शाबासकी. दुसऱ्याची जागा कायम तिलाच द्या.

---

घुमकं_जत

मास्तर, चुलत्याला वाचून दावलं. नावाचं पटलं. 'उच्चारले जाईल' हे लई आवडलं त्यास्नी, दोनदा वाचायला लावलं. कागदावर उतरवायला त्या तासगावच्या ताईनंच यावं म्हनत्यात, पर आधी एक मैदान बघावं लागंल, बसून न्हाई, उभ्यानं.

येत्या शनवारी जमनार न्हाई, आमचीच सुपारी हाय. ऐतवारी दुपारनंतर विश्रामबागेत येतो. कातड्याच्या दोन हलग्या, घुमकं, कैताळ. शेकायला गच्ची हाय का तुमच्याकडं? आन खालच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

---

तासगाव_ते_पुणे

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते. चौकटींचे कागद आणते, ए-थ्री. पेन्सिली तुमच्या.